भंडाऱ्याची वांगी

माझी बदली बर्फातल्या चौकीवर झाली, तेव्हा मी आईला सांगितलं की मला लंगरात टाकलंय. लंगर म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर. खाली सपाटीवर, चुलीची ऊब, धोका कसला नाही. तिचं ब्लडप्रेशर लगेच उतरलं, असं बाबा म्हणाले. मग काय, दर रविवारी व्हिडिओ कॉलच्या आधी मी चौकीच्या लंगरात घुसायचो, जाड कोट काढून एप्रन बांधायचो आणि हातात झारा घेऊन बसायचो. खरा स्वयंपाकी हिमाचलचा गडी, तो फोनच्या मागे उभा राहून हसायचा.

सुट्टीवर पिपरीला आलो तर मारुतीच्या देवळाचा भंडारा तोंडावर. आमच्याकडे भंडारा म्हणजे वांग्याची भाजी, आणि ती पुरुषांनीच करायची. वांगी आमच्याच भाजीच्या वाडीतली. आईनं देवळातल्या मंडळींना आधीच सांगून टाकलेलं, "आचारी काऊन सांगता? माहा पोरगा फौजेत रोज शंभर जणाचं रांधते."

मला धड अंडं उकडता येत नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर सोंग उघडं पडलं असतं आणि आईची झोप पुन्हा उडाली असती. म्हणून कानात इअरफोन घातला, त्यावर दुपट्टा गुंडाळला आणि स्वयंपाक्याला फोन लावला. तो सांगेल तसं करत गेलो. फोडणी झकास बसली. वास सुटला तसे म्हातारे माना डोलवायला लागले आणि मीही झारा उगाच ऐटीत फिरवायला लागलो. "अब ढक्कन लगाओ," तो म्हणाला, "एक घंटा देखना भी मत."

मी बघितलंच नाही. हुकूम म्हणजे हुकूम.

गंजाचं, म्हणजे त्या मोठ्या पातेल्याचं, झाकण काढलं तर एकही वांगं सापडेना. गंजभर लगदा आणि वर देठं. उंचावर काहीच लवकर शिजत नाही. पठ्ठ्यानं सवयीनं तिथलंच माप सांगितलं होतं. वाढणाऱ्यांनी ते भरीत म्हणून वाढलं. एका काकांनी दोनदा मागितलं, तेवढीच माझी इज्जत राहिली.

आई कमरेवर हात ठेवून गंजाकडे बघत होती. "एवढा वेळ काऊन शिजवलं रे?"

"वर वेळ लागते न, माय." तोंडातून निघून गेलं.

"वर म्हणजे कुठं?"

मी घाईघाईनं गंज घासायला घेतला. तिनं तो हातातून काढून घेतला. मग सांगावंच लागलं: चौकी, बर्फ, एप्रन, सगळं. मला वाटलं आता रडेल. तिनं पदरानं तोंड पुसलं, पंगतीत बुंदी वाढत फिरणाऱ्या बाबांकडे बघितलं आणि जवळ सरकली.

"तुह्या बाबाले बोलू नको. त्याईले झोप नाई लागणार." मग म्हणाली, "अन् भाजी नीट शिकून येजो. पुढच्या भंडाऱ्याले बी मी तुहंच नाव सांगतलं हाये."