आईचं लग्नाआधीचं नाव

नोकरीतली बाकीची प्रकरणं हळूहळू विसरले, पण हे एक डोक्यातून जात नाही. आठवलं की आजही तेवढाच संताप येतो.

मी लातूरच्या एका पोलीस ठाण्यात होते. नवरा नोकरीत असतानाच वारला, म्हणून अनुकंपावर मला घेतलं. अट चौथी पासची होती आणि माझी चौथीच झाली होती. झाडणं, पाणी भरणं, टपाल पोचवणं, महिला आरोपी आली की तिच्याजवळ बसणं, हे माझं काम. अधिकारी निवृत्त झाले की त्यांनी उघडकीस आणलेल्या गुन्ह्यांवर लिहितात. हा गुन्हा कुणी लिहिला नाही, म्हणून मी माझ्यापुरता वहीत लिहून ठेवते. नाव कुणाचंच घालत नाही. एकीचं घालावं लागेल, ते पुढे येईल.

आमच्या हद्दीत डाळ मिल पुष्कळ. त्यातल्या एका मिलमधून विजेची मोटार चोरीला गेली. वजन चाळीस किलोच्या वर, म्हणजे पदराखाली लपवून न्यायची वस्तू नव्हे. तपास आमच्या जुन्या जमादारांकडे होता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पंचांसमोर गेटवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पेन ड्राइव्हमध्ये घेतलं आणि ठाण्याच्या क्लाऊड खात्यात चढवून ठेवलं. क्लाऊड म्हणजे आपली वस्तू कंपनीच्या लांबच्या संगणकात ठेवायची आणि लागेल तेव्हा इंटरनेटवरून काढायची. ठाण्यात सगळे त्याला ढगातलं कपाट म्हणत. ते खातं जमादारांनीच उघडलं होतं, स्वतःचा मोबाईल नंबर देऊन. चित्रण सावकाश बघून पंचनामा लिहू म्हणाले, आणि चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करताना छातीत कळ येऊन गेले.

तपास नव्या फौजदार साहेबांकडे आला. त्यांना लगेच खबर मिळाली. मिलच्या वॉचमननं सांगितलं की अमुक हमाल त्या संध्याकाळी पोत्यात काहीतरी घेऊन जाताना मी पाहिला. हमालाला उचलून आणलं. वय पन्नाशीचं, वीस वर्षं त्याच मिलवर पोती वाहिलेला माणूस. चौकशीत त्याला सहा तास बसवलं. त्याचं एकच उत्तर.

"साहेब, मी सहाला सायकलीवर भायेर पडलाव. हातात डबा हुता. क्यामेरा बघा की."

साहेब कॅमेरा बघायला मिलवर गेले. तिथलं चित्रण दर पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं, ते पुसलं गेलं होतं. जमादारांचा पेन ड्राइव्ह शोधला, तर तो बारनिशीच्या, म्हणजे टपालाची आवक-जावक बघणाऱ्या कारकुनानं रिकामा करून दुसऱ्या कामाला घेतलेला. राहिलं फक्त ढगातलं कपाट.

हमालाचा पहिला जामीन अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या अर्जावर कोर्टानं सांगितलं की चित्रण आहे म्हणता ना, मग गुरुवारच्या तारखेला दाखवा. त्याची बायको रोज सकाळी येऊन माझ्या पाण्याच्या माठाजवळच्या बाकावर बसायची. तिच्या नवऱ्याच्या टोळीच्या मुकादमानं तिला सांगितलं होतं की गुरुवारपर्यंत त्याची जागा धरून ठेवतो, नंतर दुसरा माणूस घ्यावा लागेल. टोळीतली जागा एकदा गेली की त्या वयात परत कुणी घेत नाही. ती मला एवढंच विचारायची, "उघडलं का अक्का?" जसं काही दुकान उघडायचं होतं.

पासवर्ड मिळायला फार त्रास झाला नाही. जमादारांच्या बायकोनं त्यांची डायरी आणून दिली, शेवटच्या पानावर तो लिहिलेला होता. साहेबांनी टाकला आणि तो बरोबर निघाला. सगळ्यांनी चहा मागवला. पण संगणक नवा होता, त्यामुळं कंपनीला शंका आली आणि तिनं सांगितलं की आम्ही मोबाईलवर आकडा पाठवला आहे, तो टाका. मोबाईल जमादारांचा. सिम त्यांच्या बायकोनं तेराव्यानंतर बंद करून टाकलेलं.

साहेब तिला घेऊन सिमच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, नंबर परत चालू होईल, पण ज्याच्या नावावर आहे त्यानं अंगठा द्यायला स्वतः यावं. साहेबांनी मृत्यूचा दाखला समोर ठेवला. दुकानदारानं तो नीट वाचला आणि म्हणाला, यावर नंबर फक्त बंद करता येतो. साहेब परत आले तेव्हा त्यांच्या टोपीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

मग कंपनीला फोन. तासभर गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलली. तिला आमची अडचण समजत होती, असं तिनं चार वेळा सांगितलं. वरून पत्र पाठवलं तर सात कामाचे दिवस लागतील. नाहीतर खातं उघडताना ठेवलेल्या गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या. दिवसाला तीन वेळा चुकलं की दुसऱ्या दिवसापर्यंत कुलूप.

प्रश्न इंग्रजीत होता. ठाणे अंमलदारांनी त्याचं मराठी करून कागद संगणकाला चिकटवला: आईचं लग्नाआधीचं नाव.

सोमवारी साहेबांनी जमादारांच्या मामाला विचारून त्याचं आडनाव टाकलं. चूक. तेच मोठ्या अक्षरांत टाकलं. चूक. मग लिपीच बदलून मराठीत. चूक आणि कुलूप. मंगळवारी देगलूरकडच्या खेड्यात राहणाऱ्या जमादारांच्या धाकट्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आईचं नाव सुमनबाईच हाय की साहेब. तिला आन् दुसरं कामून असंल?" सुमनबाई, सुमन, सुमनबाई आणि पुढे आडनाव. परत कुलूप. साहेब कागदाकडे असे बघत होते की त्यालाच लॉकअपमध्ये टाकतील.

मी टेबल पुसताना तो कागद सोमवारपासून वाचत होते. मंगळवारी दुपारी महिला शिपाई बाईंना हळूच म्हणाले की माहेरचं नाव विचारलं असेल. त्यांनी तिथल्या तिथं साहेबांना सांगितलं आणि साहेबांनी मला बोलावलं.

"मावशी, कंपनी आडनाव विचारत असते. सगळ्या जगात याचा अर्थ आडनावच होतो."

मी खाली बघून म्हणाले, "जमादार जगातले नव्हते साहेब, देगलूरचे होते."

बाई हसल्या. साहेब हसले नाहीत. मी पुढे सांगितलं की आमच्याकडे लग्नात पोरीचं नुसतं आडनाव बदलत नाही, नावही बदलतात. मलाही माहेरी एक नाव होतं, ते माझ्या मुलांना माहीत नाही. साहेबांनी भावाला पुन्हा फोन लावला आणि म्हातारीला विचारायला सांगितलं. तो म्हणाला, तिला ऐकू कमी येतं, आणि काहीबाही बोलते. म्हणजे विचारलंच नाही.

बुधवारी सकाळच्या एसटीनं बाई आणि मी निघालो. उदगीरला गाडी बदलून देगलूर, तिथून रिक्षानं खेडं. म्हातारी अंगणात करडईची भाजी निवडत बसली होती. सून म्हणाली, तिच्याशी बोलून उपयोग नाही. मी म्हातारीच्या उजव्या कानाशी बसले आणि विचारलं.

"नाव? कशाला? राशनला का?"

"न्हाई माय, तुमच्या थोरल्याच्या कामाला."

"त्यो तर गेला."

"हाव. त्याचं काम राहिलंय."

ती थोडा वेळ काड्या वेगळ्या करत राहिली. मग सुनेला म्हणाली, तू आत जा. सून गेल्यावर तिनं सांगितलं. माहेर पलीकडचं, तेलंगणातलं. सासूनं लग्नात ताटात तांदूळ पसरून सुमन लिहायला लावलं आणि बजावलं की इथं तसली नावं चालत नाहीत. त्या दिवसापासून सासरी ते नाव कुणी घेतलं नाही. थोरला मात्र आजोळी वाढला, शाळाही तिथंच शिकला. त्याला ठाऊक होतं.

"सुट्टीला आला की चुलीपाशी बसून म्हणायचा, गंगव्वा, भाकर वाढ. मी लाटणं दाखवायची."

ते खातं आता बंद झालंय, म्हणून इथं लिहिते. गंगव्वा.

बाईंनी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.  मग कळलं की आम्ही गाडीत असताना त्यांनी धीर न धरता मामाच्या गावाचं नाव दोनदा टाकून पाहिलं होतं. त्या दिवसाचा एकच प्रयत्न शिल्लक होता. मला रस्त्यावरचा धोंडा उचलून लातूरच्या दिशेनं फेकावासा वाटला. प्रश्न इंग्रजीत होता आणि पासवर्डही इंग्रजी अक्षरांतला होता, म्हणजे नावही इंग्रजीतच असणार. पण व्वा कसं लिहायचं? व्ही दोनदा, का डब्ल्यू? साहेब म्हणाले, व्हीच असतो, शाळेत तेच शिकवतात. बाई म्हणाल्या, साहेब, थांबा, टाकू नका, जमादार कसं लिहायचे ते बघा.

ठाणे अंमलदारांनी जुनं गुन्हे रजिस्टर काढलं. आम्हाला फोनवर पानं उलटल्याचा आवाज येत होता. जमादारांनी जिथं जिथं इंग्रजीत गाव किंवा नाव लिहिलं होतं, तिथं प्रत्येक व ला डब्ल्यू होता. व्हॅन सुद्धा डब्ल्यूनं. एका पानावर वरिष्ठांनी लाल पेनानं तो खोडून शेरा मारलेला, आणि पुढच्या पानावर परत डब्ल्यू.

साहेबांनी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकलं. डब्ल्यू, डब्ल्यू, ए. मग बटण दाबल्याचा आवाज आला.

"उघडलं," ठाणे अंमलदार म्हणाले.

म्हातारीनं विचारलं, झालं का त्याचं काम. मी हो म्हणाले. तिनं आम्हाला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

चित्रणात हमाल बरोबर सहाला सायकल हातात धरून गेटपाशी आला. हँडलला डबा. वॉचमननं तो डबा उघडून तपासलासुद्धा. आणखी थोड्या वेळानं एक पिकअप आतून आली, तिच्यावर ताडपत्री, आणि तिच्यासाठी गेट उघडलं ते याच वॉचमननं, न तपासता. खबर देणाराच गुन्ह्यात निघाला. संध्याकाळी त्याला ताब्यात घेतलं. मोटार उदगीरच्या एका भंगारवाल्याकडे मिळाली.

गुरुवारी जामीन झाला. हमाल सुटून हजेरीची सही करायला ठाण्यात आला, बायको सोबत. मुकादम बाहेर मोटारसायकलवर थांबला होता, उद्यापासून ये म्हणून सांगायला. साहेब खुशीत होते. हमालाला म्हणाले, नशीबवान आहेस, वेळेवर उघडलं.

हमालाची बायको इतके दिवस ठाण्यात कुणा अधिकाऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "नशीब कशाचं साहेब. पयल्याच दिशी म्हातारीला इचारलं असतं तर ह्यो घरीच नसता का?"

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं.

माझ्या नोकरीत मी बरीच चौकशी ऐकली. संशयिताला विचारतात, साक्षीदाराला विचारतात, खबऱ्याला तर चहा पाजून विचारतात. कंपनीच्या मुलीला विचारलं, मामाला विचारलं, भावाला दोनदा विचारलं. नाव जिचं होतं ती अंगणात बसलेली होती, शहाणी, जिवंत, फक्त एका कानानं कमी ऐकणारी. तिला विचारावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मलाही दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, आणि आलं तेव्हाही मी दुसरीच्या कानात सांगितलं. त्यामुळं मला साहेबांपेक्षा माझीच चीड जास्त येते.

त्या दिवशीच्या ठाणे दैनंदिनीत नोंद अशी आहे: तांत्रिक अडचण दूर झाली.