सासूबाईंची धरलेली जागा

हसायचं तर कप खाली ठेवून हसा, पण हा घोटाळा ऐकाच. मी सासूबाईंना अकोल्याच्या बसस्टँडवर विसरलो. त्यांची जागा मात्र विसरलो नाही.

त्या दिवशी बडनेऱ्याजवळ साडूच्या शेतात रोडग्यांच्या जेवणाचा कार्यक्रम होता आणि सासूबाईंना अकोल्याहून आणायचं काम माझ्याकडे. 'पोरगा गुणी आहे, पण भानावर नसतो,' असं त्या लग्नाआधीच बोलून गेल्या होत्या. बायकोने निघतानाच बजावलं, आज तरी आईचं म्हणणं खोटं करून दाखवा.

बस लागली तशी गर्दी उसळली. सासूबाईंचे गुडघे दुखतात. म्हटलं, तुम्ही बाकावर बसा, मी जागा धरून हाक मारतो. त्यांची पिशवी घेतली, खिडकीतून रुमाल टाकला आणि आत जाऊन बसलो.

कोवळं ऊन होतं. कुठूनसा गोवऱ्यांचा धूर आला आणि माझे डोळे मिटले. निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, फोडले की वाफ, वर तुपाची धार, बाजूला वांग्याची भाजी, आंब्याची गार सावली... अहो, खाण्यापेक्षा वाट पाहण्यातच केवढं सुख असतं! बस कधी सुटली, कळलंच नाही.

शेजारच्या रुमालाला मात्र कोणाला हात लावू दिला नाही. एका म्हाताऱ्या बाबाजींनाही उभं ठेवलं. शेवटी कंडक्टर आला.

"ही जागा कोनाची हाय?"

"सासूबाईंची."

"मंग त्याईले कुठी ठेवलं?"

घाईघाईने त्यांना फोन लावला, तर माझ्याच मांडीवरची पिशवी वाजायला लागली.

तेवढ्यात मूर्तिजापूर आलं. उतरून परत जावं की पुढे? माझी बायको कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. ती म्हणते, पुढे काय मिळणार ते पाहून डोकं आधीच ठरवून टाकतं, कारणं मागून शोधतं. माझ्या डोक्याने एका पारड्यात सासूबाई ठेवल्या, दुसऱ्यात गरम रोडगे. सासूबाई हुशार आहेत, येतील आपल्या आपण, हे कारण लगेच सापडलं. मी बसून राहिलो.

शेतात पोचलो तर पंगत उठत होती. सासूबाई कनवटीच्या पैशांनी तिकीट काढून रेल्वेने माझ्याआधीच आल्या होत्या. बायको माझ्याकडे बघेना. सासूबाईंनी मात्र शेजारी सतरंजीवर पसरलेला रुमाल शांतपणे उचलला.

"बसा जावईबापू. तुमची जागा धरून ठेवली व्हती. रोडगे काई धरता आले नाई."