एकाच झुडपाच्या दोन फांद्या

सरोजिनी गजभिये रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. राहतात गुढियारी वस्तीत. फावल्या वेळात चित्रं काढतात, चार वस्तू जोडून काही मांडतात. आमच्या मराठी मंडळातले लोक त्याला 'बाईंचा टाइमपास' म्हणत. आडनाव ऐकून माणसाला पुढच्या रांगेत बसवायचं की मागच्या, हे ठरवणारे हे लोक! त्यांच्या मताला मी कवडीची किंमत दिली नाही. बाईंनी तर नाहीच.

गेल्या हिवाळ्यात मंडळानं चौबे कॉलोनीत निसर्गावरचं प्रदर्शन भरवलं. अध्यक्ष निरंजन देशकरांनी बाईंना चपलांच्या रॅकजवळचं टेबल दिलं. बाईंनी तिथं दोन रोपं ठेवली. एक निळ्या चिनी मातीच्या कुंडीत, पाटी 'लँटाना'. दुसरं तेलाच्या गंजक्या डब्यात, पाटी 'घाणेरी'. समोर दोन खोकी, 'बैठक' आणि 'उकिरडा'. कोणतं रोप कुठं शोभेल, त्याची चिठ्ठी बघणाऱ्यानं टाकायची.

मंडळी हौसेनं चिठ्ठ्या टाकत सुटली. लँटाना बैठकीत, घाणेरी उकिरड्यात. देशकर डब्याजवळ वाकले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हिचा वासच सांगतो, जंगली जात आहे." मग कुंडीतल्या फुलाचा वास घेऊन त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या पत्नी मंजिरीताईंनी तर ती कुंडी मागूनच घेतली.

चहाच्या वेळी देशकरांनी विचारलं, "बाई, यात कला कुठं आहे?"

"दोन्ही फांद्या एकाच झुडपाच्या आहेत जी," बाई म्हणाल्या. "रेल्वे लाइनीजवळून मीच तोडून आणल्या, मीच लावल्या. लँटाना म्हणजे घाणेरीच, इंग्रजी नाव फक्त. जात तुमी ठरवली."

देशकर तापले. "ही सरळ सरळ फसवणूक आहे!"

"मी काय फसवून राहिली? डबा बदलला फक्त. नाक तुमचंच होतं ना?"

मी मोठ्यानं हसलो. दुसरं कोणी हसलं नाही.

त्याच संध्याकाळी मंजिरीताईंनी रोप उपटून गटारात फेकलं आणि कुंडी ठेवून घेतली. मंडळानं बाईंना पुन्हा बोलावलं नाही.

बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. "अशा लोकायसाठी काहून रडू?" म्हणाल्या. सध्या त्या गल्लीतल्या कुत्र्यांची चित्रं काढताहेत, प्रत्येकाच्या गळ्यात विलायती जातीची पाटी. मांडणार आहेत गुढियारीच्याच भाजीबाजारात.