बॉल बोडीत गेला तेव्हा

मंडळी, आज आपल्या गावची फुटबॉल मॅच पाहिली. आपण एका गोलनं पुढं, म्हणून आपल्या बॅकनं वेळ काढायला बॉल मुद्दाम मैदानालगतच्या बोडीत, म्हणजे आपल्या छोट्या तळ्यात, मारला. सगळे हसले. पाहुण्यांचा खेळाडू पाण्यात शिरला.

ऐंशीच्या दशकातही हेच चालायचं. बॉल पाहुण्यांनीच काढायचा, हा आपला रिवाज. एकदा करडी गावच्या टीमसोबत आलेला एकमेव समर्थक, श्यामराव, बॉल काढायला पाण्यात गेला तो वर येईचना. सारं गाव बोडीच्या पाळीवर, बांधावर धावलं. आमच्या गोलकीपरनं उडी घेतली.

शेवटी कमळाच्या वेलांतून श्यामरावाचं डोकं निघालं, हातात बॉल. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तो खेकसला, "टाळ्या कायले वाजवून राहिले? टाइम किती उरला, थे सांगा!"

आज तो खेळाडू काठाला लागेपर्यंत मी घड्याळ पाहिलंच नाही. तुमच्यापैकी कोणी पाण्याकडे पाहत होतं का?