परिषदेत सांगितलेली धारणी

त्या वर्षी अमरावतीच्या चर्च-परिषदेतलं वरण इतकं पातळ होतं, की वाढप्यानं पहिल्या पानावर ओतलं की शेवटच्या पानापर्यंत आपलं आपण पोचायचं. आम्ही पाळक मंडळी चपला मांडीखाली घेऊन जेवायचो, वाहून जाऊ नयेत म्हणून. एरवी परिषद म्हटली की खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्या तुरीची पोती पाठवायच्या, आणि आम्ही नेते लोक परतायच्या दिवशी इतके फुगलेलो असायचो, की खुर्चीसकट उठायचो. पण कपाशी जळाल्याची ती वर्षं. पोती आली नाहीत, आणि कोणी त्याबद्दल विचारलंही नाही.

मी धारणीहून आलो होतो. माझी नेमणूक मेळघाटात, आणि बायको तान्ह्या लेकीला घेऊन अकोल्यात, जठारपेठेतल्या खोलीत. तिथल्या बालवाडीत ती शिकवायची. परिषदेच्या शेवटच्या दिवशी सकाळी प्रत्येक पाळक आपल्या कामाचा अहवाल सांगतो आणि संध्याकाळी बिशपसाहेब नेमणुका वाचतात. अकोल्याची जागा त्या वर्षी रिकामी होती. ती मला मिळाली तर आमचा संसार एका छपराखाली येणार होता. मला दुसरं काही नको होतं. मोक्षसुद्धा थोडा उशिरा चालला असता.

बायको शेवटच्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आली. लेक माझ्या हातात दिली आणि अहवालात काय सांगायचं ते पढवायला लागली.

"रडजा थोडं. हिवतापानं बेजार झालो म्हनजा. खोकला येते का?"

"हिवतापात खोकला नसते."

"तुमाले कोनं डाक्टर केलं? खोकलजा."

मी खोकून दाखवलं. लेक दचकून रडली, तेव्हा बायकोचं समाधान झालं.

माझ्या आधी बार्शीटाकळीकडच्या खेड्यांचा पाळक उभा राहिला. बायबलच्या शिक्षणाला आम्ही बरोबर होतो, तेव्हा हा गडी हसला की खिडकीची तावदानं हलायची. तो म्हणाला, "आमच्याकडं यंदा लग्न झालं नाही. माती देण्याचं काम पुष्कळ झालं. मी लोकांजवळ जाऊन बसलो. बोलायले काही सुचलं नाही." आणि खाली बसला.

मग माझं नाव पुकारलं.

देवाशपथ सांगतो, मी खोकायच्या तयारीनंच उठलो होतो. पण समोर सगळे माना खाली घालून बसलेले. कोणीतरी त्या माना वर करायला हव्यात असं वाटलं, आणि शिवाय आमच्या परिषदेत अहवाल सांगायचा म्हणजे थोडा फुगवूनच सांगायचा, ही जुनी रीत. मी सुरुवात केली. घाटात जीपमधलं डिझेल संपलं, मी प्रार्थना केली आणि जीप थेट धारणीच्या वाटेला लागली. (उतार होता, हे सांगायचं राहिलं.) वाटेत अस्वल आडवं आलं, मी बायबल वर धरलं आणि ते बाजूला होऊन बसलं. बाजाराच्या दिवशी मी तिथल्या कोरकू बोलीत गाणं म्हटलं की कांदेवाला तराजू सोडून ऐकतो. बाया पोट धरून हसतात आणि मग मलाच उच्चार शिकवतात. सागाचा फुलोरा, पहाटेचं धुकं, पाहुण्याला आधी पाणी आणि मग प्रश्न... मी सांगत सुटलो. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मग बार्शीटाकळीवाल्याचे खांदे हसून गदगदू लागले. मग खुद्द बिशपसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

खोकला मी खाली बसल्यावर आठवला.

संध्याकाळी बिशपसाहेबांनी नेमणुका वाचल्या. अकोला: बार्शीटाकळीवाला. "या भावाला आता चार माणसांत राहू द्या," ते म्हणाले. आणि धारणी: मी. "ज्याचं काम देवानं इतकं फळाला आणलं, त्याला तिथून हलवायचं पाप मी करणार नाही." टाळ्या पडल्या. माझ्याच नावाच्या टाळ्या मला कानफटात बसल्यासारख्या लागल्या.

बाहेर लिंबाखाली बार्शीटाकळीवाला आला, माझा हात धरला. "भाऊ, जागा तुमचीच होती."

"बे, जाय ना मुकाट्यानं," मी म्हणालो. आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

तो गेला आणि बायको समोर आली. लेक खांद्यावर झोपलेली. मी मान खाली घालून उभा.

"अस्वलाचं खरं हाय का?"

"पाह्यलं होतं."

"कुठून?"

"झाडावरून."

"अस्वल झाडावर चढते."

"ते मले वर गेल्यावर आठवलं."

ती हसली नाही. पदरानं लेकीचं तोंड पुसत म्हणाली, "मले वाटे, तुमी तिकडं एकटे झुरून राहिले. म्हनून मी इकडं रोज रात्री देवाजवळ भांडत होतो. आज तुमचं तोंड पाह्यलं मी, तिथलं सांगून राहिले तवा. आपल्या लग्नातबी असं नव्हतं."

तिचं म्हणणं खोटं म्हणावं तर मी अहवालात खोटा, खरं म्हणावं तर घरात.

"इतकं गोड हाय तिकडं, तं मले काहून ठेवलं जठारपेठेत?" ती म्हणाली. "मी येतो. बालवाडीत सांगून देतो."

"अवो, रस्ता नाही धड. पावसाळ्यात एस.टी. येत नाही."

"पिठाची चक्की हाय का?"

आता खरं सांगणं भाग होतं. "हाय. पन लाइन नसते."

"मंग जातं घेऊ."

आणि घेतलं. ते जातं जीपच्या मागच्या बाजूला ठेवलं तेव्हा जीपची पुढची चाकं जमिनीपासून हातभर उचलली गेली, आणि अर्धा घाट आम्ही मागच्या दोन चाकांवर चढलो. मी हे आजही सांगतो. ती आतून ओरडते, "खोटं! जातं मी मांडीवर घेतलं होतं."