दोन बोटांचा अर्थ

आधी ते कप खाली ठेवा, नाहीतर चहा नाकातून बाहेर येईल. ऐका! माझ्या हुशारीमुळे आमच्या गावात एकाच दिवशी दोन सरपंच निवडून आले.

खोटं वाटतं ना? मलाही वाटलं असतं. पण पेढे मीच वाटले होते, काय करणार!

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याकडचं आमचं गाव. सरपंचाची जागा बाईसाठी राखीव निघाली आणि आमच्या गल्लीतून माझी शोभाकाकू उभी राहिली. चिन्ह अंगठी. आमच्या गल्लीतून सरपंचपदासाठी कोणी उभं राहण्याची ही पहिलीच वेळ. काकू दारोदार फिरली, इतकी की शेवटी तिचा घसा बसला. समोर सुलोचनाबाई, चिन्ह कात्री. म्हणजे कागदावर सुलोचनाबाई. भाषण, प्रचार, हात जोडणं, सगळं त्यांचे यजमान दिगंबरराव करत. बाईंनी फक्त फोटो दिला होता.

मतमोजणी शाळेत, रोडच्या पलीकडे. पोलीस कोणाला फिरकू देत नव्हते, आत फोन नेऊ देत नव्हते. काका-काकू तिकडे. घरी मी, माझे आजोबा म्हणजे आबा, आत्या, आणि अंगणात विजयाची वाट बघत आमच्याच भाकरी खाऊन बसलेले बँडवाले.

गावचा केबलवाला शाळेच्या आवारातून थेट दाखवत होता. अडचण एवढीच की दिवाळीत व्होल्टेज चढलं आणि आमच्या टीव्हीचा आवाज कायमचा बसला. दुरुस्तीला टाकायचा म्हटलं की आबा म्हणत, "काऊन? बिना आवाजाच्या बातम्या जास्त खऱ्या वाटतेत." खालच्या पट्टीवर काही वाचावं, तर तिथे तेलुगूत साड्यांच्या दुकानाची जाहिरात पळत होती.

पण मला आवाज हवाच कशाला? आदिलाबादच्या कॉलेजात मी देहबोलीची कार्यशाळा केलेली. माणसाच्या भुवयांवरून त्याचं मन वाचायचं, वगैरे. प्रमाणपत्र पप्पांनी लॅमिनेशन करून बरोबर टीव्हीच्या वर टांगलं आहे.

पडद्यावर शाळेचं दार उघडलं. काकू बाहेर आली. तोंडावर पदर, खांदे गदगदताहेत. काका तर पायरीवर डोकं धरून बसले.

"काय झालं वं माय?" आत्या ओरडली.

"पडलो आपण," मी जाहीर केलं.

"आनंदानं बी रडते माणूस," आबा म्हणाले.

"आबा, आनंदाने रडताना भुवया वर जातात. तिच्या खाली आहेत."

(हा शोध मी त्याच क्षणी लावला होता. पण आबांना कुठे ठाऊक!)

तेवढ्यात कॅमेऱ्यासमोर दिगंबरराव आले. सगळे दात दिसताहेत. आणि त्यांनी हात उंच करून दोन बोटं दाखवली.

"बघा! व्ही! व्हिक्टरी!"

"दोन म्हणून राह्यला तो," आबा म्हणाले.

"दोन काय?"

"मले काय मालूम? दोन म्हंजे दोन."

"आबा, त्यांचं चिन्ह काय? कात्री! कात्री दाखवायची तरी दोनच बोटं लागतात. एक तर व्ही, नाहीतर कात्री. कसंही बघा, तेच जिंकले."

"नाईतर दोन," आबा शांतपणे म्हणाले.

सांगा, अशा माणसांशी वाद तरी कसा घालायचा?

आत्याने गळा काढला. मी उभी राहिले. "रडायचं नाही! सुशिक्षित माणसं हार कशी स्वीकारतात, ते आज गाव बघेल!"

"थांब जराशी. शोभाले घरी तं येऊ दे."

"आबा, तुमच्या या 'थांब जराशी'मुळेच आपलं गाव मागे राहिलंय!"

काय वाक्य होतं! माझ्यावर मीच खूश. काकूसाठी आणलेला पेढ्यांचा डबा उचलला, बँडवाल्यांना उठवलं आणि निघाले थेट सुलोचनाबाईंकडे.

बाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. उमेदवार घरी, नवरा मोजणीला! वा रे राखीव जागा!

"बाई, अभिनंदन! तुम्ही निवडून आलात!"

त्यांनी पिठाचे हात तसेच धरले. "मी? का आमचे हे?"

"तुम्हीच!"

"खरं म्हणून राह्यली तू?"

"आमच्या घरचे पेढे आणलेत, यापेक्षा अजून काय पुरावा पाहिजे?"

बाईंनाही ते पटलं. मग काय विचारता! शेजारणी धावल्या. हार आला, गुलाल आला, ट्रॅक्टर आला. बाईंना ट्रॉलीत उभं केलं. शेजारी मी. खिलाडूवृत्तीवर माझं भाषण सुरू, पुढे बँड सुरू, आणि वरात निघाली शाळेकडे.

बुद्धविहारासमोर आलो, तर समोरून दुसरी वरात. गुलालात माखलेली, गळ्यात हार घातलेली... शोभाकाकू! सोबत केबलवाला, कॅमेरा खांद्यावर. आणि मागून तोंड पाडून घरी निघालेले दिगंबरराव.

त्यांनी ट्रॉलीतली आपली बायको पाहिली. हात पुन्हा वर गेला. तीच दोन बोटं. फक्त या वेळी आवाज होता.

"अवं, खाली उतर! दोन मतानं पडलो आपण! दोन!"

बँड थांबला.

"मंग टीव्हीवर हसत काऊन होते?" मी खालच्या आवाजात विचारलं.

"रडू का मंग? सारं गाव पाहून राह्यलं होतं!" ते बायकोकडे वळले. "आन् तुले कोन सांगतलं?"

सुलोचनाबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी एक बोट उचललं. मग शेजारणींनी. मग ट्रॅक्टरवाल्याने. सगळी बोटं माझ्याकडे. याचा अर्थ लावायला कार्यशाळेची गरज नव्हती.

काकूने बसक्या घशाने एवढंच विचारलं, "पोरी, ते पेढे आपले व्हते ना?"

"बँड बी तुमचाच हाय," बँडमास्तर म्हणाला.

सुलोचनाबाईंनी हार मात्र काढला नाही. म्हणाल्या, "घातला तं घातला. आता पुढच्या खेपेले मोजनीले मीच जाईन."

सरपंच झाल्यावर काकूने पहिलं काम काय केलं असेल? स्वतःच्या खर्चाने आमच्या टीव्हीचा आवाज दुरुस्त केला. त्यानंतर केबलवाल्याने ती मिरवणूक पुन्हा दाखवली. पडद्यावर ट्रॉलीत मी, हात हवेत, तोंड सताड उघडं, खिलाडूवृत्ती जोरात. आत्या पदरात तोंड खुपसून बसलेली, खांदे गदगदताहेत. या वेळी तिच्या खांद्यांचा अर्थ मला बरोबर लागला.

आबा माझ्याकडे वळले. त्यांनी फक्त दोन बोटं वर केली.

मी काही बिनडोक नाही. चूक एकदाच होते. व्ही नाही, कात्री नाही, दोन म्हणजे दोन! गुपचूप उठले, आलं ठेचून घातलं आणि दोन कप चहा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"चहा. दोन कप."

"चहा कोन मांगतला? आवाज दोनवर कर म्हनलो. लई कल्ला करून राह्यली ते पोरगी."