जेवताना माईक बंद करायचा नाही

दुपारची जेवणाची वेळ होती. कॉलवर गजाननरावांचं नाव उजळलं. आठवडाभर दवाखान्यात बेशुद्ध असलेला माणूस! आम्ही सगळे एकदम ओरडलो, "आले, आले!" पलीकडून त्यांच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा आवाज आला. "पहाटे गेले ते... तुम्ही जेवून घ्या."

विम्याचे दावे तपासायचं आमचं काम. साथीनंतर कंपनीने ऑफिसची जागा सोडली आणि आम्ही आपापल्या घरी विखुरलो. मी शनिवार पेठेत, गजाननराव बिबवेवाडीत, मनीषा वारज्यात. महिनोन्‌महिने एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. गजाननराव मूळचे वर्ध्याकडचे, एकट्याने जेवणं म्हणजे त्यांना शिक्षाच. त्यांनीच फर्मान काढलं... जेवताना सगळ्यांनी कॉलवर यायचं, कॅमेरा नको, पण माईक बंद करायचा नाही. मग कुणाच्या कुकरची शिट्टी, कुणाच्या सासूबाईंची कुरकुर, सगळं सगळ्यांना ऐकू यायचं. "आज सगळ्यांकडे गवार आहे वाटते, कोणी बोलूनच नाही राहिलं!" ते म्हणायचे. "अहो, पुण्यात घास गिळून मग बोलतात," मी म्हणायचे. यावर ते ठसका लागेपर्यंत हसायचे.

ते जाण्याच्या आठवडाभर आधी, अशाच एका दुपारी मनीषाकडे ताट आपटलं. मग तिच्या नवऱ्याच्या शिव्या, मग भिंतीवर काहीतरी धपकन आदळलं आणि ती किंचाळली. ते तिचं डोकं होतं. पुन्हा आदळलं, पुन्हा... माईक चालू आहे, हे त्या नराधमाच्या गावीही नव्हतं. मी पोलिसांना फोन लावला. गजाननराव "मी निघालो" एवढंच म्हणाले आणि खिशातल्या मोबाइलवर कॉल तसाच ठेवून त्यांनी स्कूटर काढली. वाऱ्याचा घोंघाट, हॉर्न, मग जिना चढताना लागलेली धाप. "दार उघड बे! नाही तर तोडतो!" दार फुटल्याचा आवाज झाला. "मनीषा, पळ!" आणि मग... लोखंडी बत्ता हाडावर बसल्यावर कसा वाजतो, ते मला आता माहीत आहे. "सोड त्यांना!" मनीषा दारातून ओरडत होती. गजाननरावांचा आवाज मात्र आला नाही. पोलीस पोचले, तोवर ते बेशुद्ध पडले होते. शेजारी आपापल्या दाराच्या फटीतून बघत होते म्हणे. नवरा-बायकोचा मामला होता ना! असल्या सभ्यपणाला आग लागो.

गजाननराव गेल्यावर मनीषाच्या नवऱ्याकडच्यांनी गोष्ट रचली, झटापटीत ते जिन्यावरून पडले. शेजाऱ्यांनी आता म्हणे काहीच पाहिलं नव्हतं. आम्ही फक्त ऐकलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकेल अशी एकटी मनीषा उरली, आणि तिची वाचाच बसली होती. ती माझ्याकडे राहत होती. तिचे वडील रोज यायचे आणि सांगायचे, "जाणारा गेला. नवरा तुरुंगात गेला, तर तुझं काय होईल?" ती भिंतीकडे बघत राहायची. मला त्या गृहस्थांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटायचं.

गेल्या आठवड्यात चौकीत तिचा जबाब झाला. वडील शेजारी बसले होते, समोर सुनंदावहिनी. "नीट आठवून सांगा," साहेब म्हणाले, "ते पडले का?"

वडील खाकरले.

"नाही," मनीषा म्हणाली. "माझ्या नवऱ्याने त्यांना बत्त्याने मारलं. ते खाली कोसळले, तरी मारत राहिला. लिहा साहेब."

वडील उठून निघून गेले. सुनंदावहिनी इतक्या दिवसांत एकदाही रडल्या नव्हत्या. त्यांनी मनीषाचा हात घट्ट धरला आणि सगळ्या चौकीसमोर हंबरडा फोडला.